कोकणातील छोट्या वेबसाइटला पैसे कुठून मिळतात

वेबसाइट काढली की तिच्यावर जाहिराती लागतात आणि घरबसल्या पैसे येऊ लागतात, ही समजूत मालवणपासून श्रीवर्धनपर्यंत अनेक घरांत पक्की बसली आहे. ती तपासण्यासाठी हिशोब मांडून पाहू. गुगलची ॲडसेन्स ही जाहिरात-सेवा 2003 साली सुरू झाली आणि आता मराठी मजकुराच्या वेबसाइटांनाही ती मिळते. अर्ज मंजूर झाल्यावर गुगल आपल्या पानांवर जाहिराती दाखवते, जाहिरातदाराकडून आलेल्या पैशांतला हिस्सा आपल्या खात्यात जमा करते आणि खात्यात किमान 100 डॉलर साठले की रक्कम बँकेत पाठवते. दर विषयानुसार, भाषेनुसार व वाचकाच्या देशानुसार बदलतो. पण हजार वेळा पान उघडले गेल्यामागे 50 रुपये मिळतात असे उदाहरणापुरते धरले, तरी महिन्याला 5,000 रुपये मिळण्यासाठी पाने एक लाख वेळा उघडली गेली पाहिजेत. तीन खोल्यांच्या होमस्टेच्या वेबसाइटला एवढे वाचक मिळत नाहीत, आणि तिला त्यांची गरजही नाही.

आता दुसरा हिशोब पाहू. खोल्यांचे आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या ऑनलाइन कंपन्या सर्वसाधारणपणे भाड्याच्या 15 ते 20 टक्के, आणि कधी त्याहून अधिक, दलाली घेतात. खोलीचे भाडे रात्रीला 2,500 रुपये असेल, तर 15 टक्क्यांनी 375 रुपये कंपनीकडे जातात. वर्षभरात अशा 40 रात्रींचे पाहुणे थेट आपल्या फोनवर आले, तर 15,000 रुपये घरात राहतात. साध्या वेबसाइटचा वर्षाचा खर्च साधारण तीन ते सहा हजार रुपये असतो, म्हणजे जास्तीत जास्त सोळा रात्रींत तो वसूल होतो. ही कमाई वेबसाइटच्या कोणत्याही खात्यात दिसत नाही. ती फोनवर ठरते आणि पाहुणा दारात आल्यावर हाती येते. ती नीट ओळखली, तर वेबसाइट कशी बांधावी, तिच्यावर काय लिहावे आणि तिचा प्रसार कोठे करावा, या प्रश्नांची उत्तरे बरीच सोपी होतात.

याचा अर्थ आरक्षण कंपन्यांना लगेच रामराम ठोकावा असा नाही. ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, त्या पाहुण्याला पहिल्यांदा दारापर्यंत आणण्याचे काम त्या चांगले करतात. मात्र तोच पाहुणा पुढच्या वर्षी येताना, किंवा त्याचा मित्र त्याच्याकडून नाव ऐकून शोध घेताना, पुन्हा दलालीच्या वाटेने येऊ नये, यासाठी आपला स्वतःचा पत्ता असावा लागतो.

नाव, जागा आणि मालकी

वेबसाइटसाठी प्रामुख्याने दोन गोष्टींना पैसे मोजावे लागतात. पहिली म्हणजे डोमेन, अर्थात वेबसाइटचे नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था सांभाळते आणि प्रत्यक्ष विक्री तिने मान्यता दिलेल्या कंपन्या करतात. पहिल्या वर्षाचा दर अनेकदा सवलतीचा असतो, म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा दर पाहावा. दुसरी गोष्ट होस्टिंग, म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या संगणकावर आपल्या पानांसाठी भाड्याने घेतलेली जागा. पाहुण्याने आपले नाव मोबाइलवर लिहिले की डीएनएस नावाची यंत्रणा त्या नावाचे संगणकाच्या क्रमांकात रूपांतर करते आणि तेथून आपली पाने त्याच्यापर्यंत पोहोचतात. पाने तयार करण्यासाठी वर्डप्रेससारखी प्रणाली फुकट मिळते. ती 2003 पासून विकसित होत आहे आणि जगातील फार मोठ्या संख्येच्या वेबसाइट्स तिच्यावर चालतात. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षिततेची खूण दाखवणारे प्रमाणपत्रही बहुतेक होस्टिंगसोबत वेगळे पैसे न देता मिळते.

तंत्रापेक्षा अधिक काळजीची बाब मालकीची आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, डोमेन त्याच्याच ईमेलवर नोंदलेले आहे आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाऊन न वाचताच राहिली, असे घडले तर वर्षानुवर्षे पाटीवर, पत्रकावर आणि पाहुण्यांच्या फोनमध्ये असलेले नाव दुसऱ्या कोणालाही घेता येते. जमीन कसतो कोण यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे याला जे महत्त्व असते, तेच येथे नोंदणीतील नावाला आणि ईमेलला आहे. म्हणून डोमेनची नोंद घरमालकाच्या नावे, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर करावी. पासवर्ड वहीत लिहून घरातील दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा. फुकट मिळणाऱ्या पत्त्यांवर पूर्ण विसंबण्यात काय धोका आहे हेही अलीकडेच दिसले. गुगलने बिझनेस प्रोफाइलसोबत, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीसोबत, व्यावसायिकांना दिलेल्या फुकट वेबसाइट्स मार्च 2024 मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता पत्रकांवर छापला होता, त्यांना पत्रके बदलावी लागली. ज्यांचे स्वतःचे डोमेन होते, त्यांना तेच नाव नव्या जागेकडे वळवता आले.

देवनागरीत लिहिलेले ‘डॉट भारत’ हे नाव 2014 पासून उपलब्ध आहे. ते पाटीवर सुंदर दिसते. पण फोनवर पत्ता सांगताना आणि परप्रांतातील पाहुण्याला तो लिहिताना अडचण येते. माझ्या मते आधी रोमन लिपीतील लहान, उच्चाराप्रमाणे लिहिता येणारे नाव घ्यावे आणि देवनागरी नाव जोडीला ठेवून त्याच वेबसाइटकडे वळवावे.

मजकूर, आणि तो वाचता येण्याची अट

मराठीत वेबसाइट करणाऱ्यांच्या वाट्याला एक अडचण येते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पत्रके आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या अनेक दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरात आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘हापूस’ दिसत असले तरी संगणकात साठवलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. केवळ त्यांचे चित्र देवनागरी काढले जाते. असा मजकूर वेबसाइटवर उचलून ठेवला तर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक अक्षरे उमटतात आणि गुगललाही तेवढेच दिसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असल्याने मजकूर कोठेही तसाच दिसतो, शोधता येतो, आणि अंध वाचकांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर तो मोठ्याने वाचू शकते. म्हणून पत्रकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा मोबाइलच्या मराठी कळफलकावर नव्याने लिहावा. संपूर्ण पत्रकाचे छायाचित्रच पान म्हणून टाकण्याची पद्धत तर अजिबात नको; त्यातील दर, खोल्या, गावाचे नाव यांचा शोधयंत्राला भरवशाने बोध होत नाही आणि लहान पडद्यावर ते वाचताही येत नाही. मराठी आणि इंग्रजी मजकूर एका पानावर मिसळण्याऐवजी दोन्ही भाषांची पाने स्वतंत्र ठेवावीत, कारण बंगळुरूहून येणारा पाहुणा रोमन लिपीत शोधतो आणि कोल्हापूरची आजी आवाजाने मराठीत विचारते.

काय लिहावे, याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्या फोनमध्ये आधीच असते. पाहुणे फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तीच आपली पाने. ‘निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, माफक दर’ ही वाक्ये प्रत्येक वेबसाइटवर असल्याने त्यांच्यावरून कोणीही निर्णय घेत नाही. वयस्कर आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मुलीला खोली तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती आहेत, कमोड आहे का, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे जाणून घ्यायचे असते. पहाटे कुडाळ स्थानकावर उतरणाऱ्या कुटुंबाला मालवणकडे जायला त्या वेळी रिक्षा मिळेल की गाडी आधी सांगावी लागेल, हे हवे असते. घरात मासळी शिजते त्याच स्वयंपाकघरात शाकाहारी जेवण होते की वेगळी भांडी असतात, हेही स्पष्ट लिहिले तर नंतरचा गैरसमज टळतो. कोणत्या कंपनीच्या मोबाइलला रेंज मिळते, हे लिहिणारा घरमालक क्वचितच आढळतो, आणि सुट्टीतही कामावर हजर राहावे लागणारे पाहुणे नेमके तेच शोधत असतात.

स्थानिक माणसाला असलेली माहिती ही या वेबसाइटची खरी संपत्ती आहे. हरिहरेश्वरची समुद्राकडील प्रदक्षिणेची वाट ओहोटी असतानाच चालता येते, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे वेबसाइटवर ठरावीक वेळ लिहून भागत नाही. तेथे नियम समजावून सांगावा आणि आदल्या दिवशी फोन केल्यास त्या दिवसाची वेळ सांगू, असे लिहावे. तसा फोन आला की आरक्षणाचे अर्धे काम झालेले असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंगही थांबते, हे जून-जुलैसाठी चौकशी करणाऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. त्यामुळे एखादा पाहुणा कमी होईल; पण जो येईल तो पाऊस, भातलावणी आणि धबधबे पाहायला येईल व नाराज होऊन परतणार नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे किल्ले समाविष्ट झाले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे आपल्या किनाऱ्यावरचे जलदुर्ग आहेत. त्यांच्याविषयी इतिहासाची पाने इंटरनेटवर विपुल आहेत, तथापि हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गाला होडी कोण नेते, किती माणसे जमल्यावर ती सुटते आणि उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो का, हे तेथे राहणाराच सांगू शकतो.

आंबा, काजू किंवा कोकम विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. पेटीत किती डझन फळे आहेत, एका फळाचे वजन किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत आहे, फळ कच्चे पाठवणार की अढीत घालून पिकवून, पुण्या-मुंबईला पोहोचायला किती दिवस लागतात, वाटेत खराब झालेल्या फळांची भरपाई कशी करणार, ही उत्तरे स्पष्ट असली तर भाव थोडा चढा असूनही ग्राहक विश्वास ठेवतो. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतील हापूसपुरते आहे. ते नाव आपल्या मालासाठी अधिकृतपणे वापरायचे असेल तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि ती वेबसाइटवर दाखवावी. परराज्यातील आंबा हापूस म्हणून विकला जात असताना याहून मोठा पुरावा लहान बागायतदाराकडे दुसरा नाही.

छायाचित्रांविषयी एवढेच सांगतो की मोबाइलने काढलेला फोटो अनेकदा चार-पाच एमबींचा असतो आणि तो तसाच चढवला तर घाटात रेंज कमी असलेल्या पाहुण्यासमोर पान उघडतच नाही. रुंदी कमी करून आणि वेबपी या वेबसाइटसाठीच्या हलक्या स्वरूपात बदलून तोच फोटो दोनशे केबींच्या आत आणता येतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गुगलची शिफारस आहे.

शोधात दिसणे

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचे प्रोग्राम दुव्यांवरून फिरत पाने गोळा करतात, त्यांतील मजकुराची सूची करतात आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून योग्य वाटतील ती पाने क्रमाने मांडतात. नव्या वेबसाइटकडे येणारे दुवेच नसतील तर पहिला टप्पाच रेंगाळतो. गुगल सर्च कन्सोल या फुकट सेवेत आपली वेबसाइट नोंदवून पानांची यादी दिली की हा अडथळा दूर होतो. शिवाय लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले हेही तेथे दिसते. ‘तारकर्ली होमस्टे’ या शब्दांवर मोठ्या कंपन्यांशी झुंजण्यात लहान घराची शक्ती वाया जाते. ‘देवबागला तळमजल्यावर खोली’ किंवा ‘वेळासला कासवांच्या हंगामात राहण्याची सोय’ असे नेमके विचारणारे लोक थोडे असतात, परंतु त्यांचा यायचा विचार जवळजवळ पक्का झालेला असतो. दुवे विकत घेऊन क्रम वर नेण्याचे आमिष दाखवणारे फोन येतात. तसे करणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि पकडले गेल्यास वेबसाइट शोधातून खाली ढकलली जाते किंवा काढलीही जाते.

होमस्टेसाठी नकाशावरील नोंद वेबसाइटइतकीच मोलाची आहे. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि स्थानिक शोधाचा क्रम विषयाशी जुळणे, अंतर व ठिकाणाची प्रसिद्धी या तीन बाबींवर ठरतो, असे गुगलनेच सांगितले आहे. अंतर आपल्या हातात नसते. बाकीच्या दोन बाबींसाठी घराचे खरे नाव, अचूक खूण, वेबसाइटचा पत्ता आणि पाहुण्यांचे अभिप्राय लागतात. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नये, ते नियमबाह्य आहे. निरोप घेताना विनंती करावी आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला, विशेषतः तक्रारीला, सभ्य उत्तर द्यावे.

प्रसाराचे वेळापत्रकही हंगामाला बांधलेले आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. कोकण रेल्वेने मे महिन्यात येणारे कुटुंब मार्चमध्ये तिकीट काढते आणि त्याच सुमारास राहण्याची जागा शोधते. नव्या पानाला शोधात जागा मिळायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. म्हणजे मेसाठीचे पान जानेवारीपर्यंत आणि दिवाळीसाठीचे पान पावसाळा सरण्यापूर्वी तयार असावे. पावसाळ्याचे महिने लिहिण्यासाठी उत्तम आहेत. पाहुणे कमी असतात आणि मागच्या हंगामातील प्रश्न ताजे असतात. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांचा उपयोग लोकांना त्या त्या पानाकडे आणण्यापुरता करावा, कारण तेथे टाकलेली माहिती चार दिवसांत खाली सरकते आणि पुढच्या वर्षी शोधणाऱ्याला सापडत नाही.

जाहिराती कोणाला परवडतात

स्वतःची खोली किंवा फळ विकायचे नसेल आणि संपूर्ण किनारपट्टीची माहिती देणारी वेबसाइट चालवायची असेल, तर जाहिरातींचा विचार करणे रास्त आहे. तेव्हा शेकडो पाने आणि सातत्याने काही वर्षे लेखन, एवढी तयारी हवी. एखाद्या वस्तूची शिफारस करून विक्रीमागे हिस्सा घेण्याची सोयही असते. अशा दुव्याशेजारी आपल्याला त्यातून पैसे मिळतात हे वाचकाला स्पष्ट सांगावे. मात्र ऑगस्ट 2024 पासून भारतातही गुगल अनेक प्रश्नांची उत्तरे शोधाच्या पानावर एआयकडून तयार करून दाखवू लागले आहे, आणि उत्तर तेथेच मिळाले तर वाचक पुढे येत नाही. केवळ माहितीवर आणि जाहिरातींवर उभ्या असलेल्या वेबसाइटांना याची झळ बसते. राहायची खोली आणि आंब्याची पेटी यांसाठी मात्र ग्राहकाला अखेर मालकापर्यंत यावेच लागते. होमस्टेच्या पानावर जाहिराती लावू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे शेजारच्या रिसॉर्टची किंवा आरक्षण कंपनीचीच जाहिरात झळकण्याचा संभव असतो आणि काही पैशांसाठी दारापर्यंत आलेला पाहुणा आपणच दुसरीकडे पाठवतो.

पैसे घेणे आणि कायद्याची बाजू

आगाऊ रक्कम घेण्यासाठी सुरुवातीला यूपीआय पुरेसे आहे. विक्री वाढल्यावर वेबसाइटवरच पैसे स्वीकारणारी पेमेंट गेटवे सेवा घ्यावी. ती प्रत्येक व्यवहारामागे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी आकारते. दुसऱ्याच्या घराचे फोटो चोरून बनावट पान उभे करायचे आणि आगाऊ रक्कम उकळायची, असे प्रकार पर्यटनस्थळी घडतात. म्हणून पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातात हे आपल्या वेबसाइटवर ठळक लिहावे आणि त्या नावाशिवाय दुसऱ्या खात्यात भरू नये, असे पाहुण्यांना सांगावे. फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर असावा लागतो. तो वेबसाइटवरही दाखवावा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाख आणि मालासाठी 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः लागत नाही, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर ही सूट सहसा मिळत नाही. ताजा आंबा करमुक्त आहे, लोणचे किंवा मुरांबा तसा नाही. म्हणून बेळगावला बरण्या पाठवण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे. वस्तू ऑनलाइन विकणाऱ्याने आपले नाव, पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करावी हे वेबसाइटवर द्यावे, अशी अपेक्षा 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत आहे. पाहुण्यांचे फोन क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रती आपल्याकडे साठतात, त्या कोणाला देऊ नयेत व गरज संपल्यावर ठेवूही नयेत.

वेबसाइट चालते की नाही हे भेटींच्या आकड्यावरून ठरवू नये. फोनजवळ एक वही ठेवावी, चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमची माहिती कोठून मिळाली’ हे विचारावे आणि उत्तरापुढे आरक्षण झाले की नाही ते लिहावे. पहिल्या हंगामात वेबसाइटचे नाव घेणारे थोडेच असतील. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मात्र थेट आलेल्या रात्री मोजून, वाचलेली दलाली आणि वेबसाइटचा खर्च शेजारी शेजारी मांडावा. चौकशा बऱ्याच आणि आरक्षणे थोडी असतील, तर दर किंवा खोलीविषयी पानावर काहीतरी अपुरे आहे. चौकशाच नसतील, तर सर्च कन्सोलमध्ये पाने सूचीत आली आहेत का ते आधी पाहावे, आणि आली असतील तर लोक जे विचारतात त्यावर एकेक नवे पान लिहायला घ्यावे.